नवीन कोंबडी आजारी निघाली? आधी वेगळी करा, मग औषधाचं बघू



आजचा सल्ला ज्वारी-तुरीचा नाही, परसातल्या कोंबड्यांचा आहे. नेहमीपेक्षा लांब आहे, सवडीनं वाचा. आणि घरात कोंबड्यांचं जे कोणी बघतं, मग आई असो, अक्का असो नाहीतर सूनबाई, त्यांना नक्की वाचून दाखवा.

मध्यंतरी एका सभासद अक्कांचा सकाळी सातलाच फोन आला. आठवडी बाजारातनं पाचशे रुपयांना एक गावरान कोंबडी आणली होती. आणून तिसरा दिवस.

"साहेब, नवी कोंबडी गप बसलीय. डोळ्यात फेस येतोय, रात्री घुरघुर करतीय. काय औषध देऊ?"

मी विचारलं, "अक्का, ती कोंबडी आत्ता कुठं आहे?"

"हितंच की. खुराड्यात, बाकीच्यांत."

बाकीच्या म्हणजे चौदा. त्या चौदांच्या अंड्यांवर अक्कांचं आठवड्याचं तेल-मीठ निघतं, वर पोरीच्या वह्या-पुस्तकांना चार पैसे उरतात. पाचशेच्या कोंबडीपायी ते सगळं पणाला लागलं होतं. म्हणून मी औषधाचं नाव सांगितलंच नाही. म्हटलं, "आधी तिला तिथनं उचला. मग बोलू."

*🐔 औषधाआधी जागा*

कोरोनाच्या वर्षी पुण्या-मुंबईहून गावाकडं आलेल्या माणसांना आपण शाळेत चौदा-चौदा दिवस ठेवलं होतं. आलेला प्रत्येक जण आजारी होता म्हणून नव्हे, तर आजार आत असला तरी लगेच दिसत नाही म्हणून. कोंबडीचंही तसंच आहे. बाजारात ती दहा ठिकाणच्या कोंबड्यांबरोबर एकाच डालग्यात बसलेली असते. उन्हात, उपाशी, पाय बांधून आलेली असते. या त्रासानं तिची ताकद घटते आणि अंगात दबलेला रोग वर येतो.

नवीन कोंबडी पहिल्या दिवशी गप बसली तर तो प्रवासाचा शीण असू शकतो. पाणी, सावली, शांतता मिळाली की दुसऱ्या दिवशी ती दाणा टिपते. दुसरा दिवस मावळला तरी पंख पाडून, मान आखडून, डोळे मिटून बसली असेल तर तो शीण नाही, आजार आहे.

पण आपण करतो काय? "आजारी दिसली तर वेगळी करू" म्हणतो. नियम उलटा आहे. *नवीन आलेली प्रत्येक कोंबडी, धडधाकट दिसली तरी, आधी वेगळी.* मग ती लेकीनं माहेरी पाठवलेली असो, पाव्हण्यांनी दिलेली असो, नाहीतर आखाडात जत्रेसाठी आणलेली असो.

*🐔 किती दिवस? किमान २१*

आपल्याकडं ज्याला मानमोडी म्हणतात तो राणीखेत रोग. कुमाऊँच्या डोंगरातल्या राणीखेत गावी सुमारे शंभर वर्षांपूर्वी तो आढळला, म्हणून हे नाव. विषाणू अंगात शिरल्यावर बहुतेक वेळा पाच-सहा दिवसांत लक्षणं दिसतात, पण कधी कधी दोन आठवडेही लागतात. जागतिक पशु आरोग्य संघटना सावधगिरी म्हणून राणीखेतचा हा काळ २१ दिवस धरते. घुरघुर करणारी जुनाट सर्दी, जिला डॉक्टर सीआरडी म्हणतात, तीही तीन आठवड्यांपर्यंत लपून राहू शकते.

म्हणून २१ दिवस. जमलं तर महिना. चार-पाच दिवस बघून सोडली तर वेगळं ठेवल्याचा उपयोग नाही.

*🐔 वेगळी जागा कशी करायची*

त्यासाठी शेड बांधायची गरज नाही.

👉 खुराड्यापासून निदान तीस फूट लांब जागा बघा. गोठ्याच्या पलीकडची पडवी, जुनी खोली, नाहीतर झाडाखाली जाळी लावलेलं डालगं चालतं. कुत्रं, मांजर, मुंगूस शिरणार नाही एवढं बघा.

👉 आजारी कोंबडीवरनं आलेला वारा निरोगी कोंबड्यांकडं जाऊ नये. पावसाळ्यात आपल्याकडं वारा पश्चिमेकडनं येतो, तेव्हा आजारी कोंबडी खुराड्याच्या पूर्वेला बरी.

👉 उन्हाळ्यात पत्र्याखाली ठेवू नका. आपल्या भागातल्या चैत्र-वैशाखातल्या उन्हात पत्र्याखाली निरोगी कोंबडीही टिकत नाही. छपरावर कडबा किंवा पाचट टाका.

👉 पाण्याचं भांडं, दाण्याची वाटी, झाडू सगळं वेगळं. तिचं उरलेलं खाद्य बाकीच्यांना टाकू नका.

👉 *क्रम पाळा: आधी निरोगी, शेवटी आजारी.* दाणा-पाणी, साफसफाई, अंडी गोळा करणं, सगळं आधी निरोगी कोंबड्यांचं उरका. आजारी कोंबडीकडं शेवटी जा, साबणानं हात धुवा आणि त्या दिवशी परत खुराड्यात जाऊ नका.

👉 तिथं जायला एक जुनी चप्पल वेगळी ठेवा. राणीखेतचा विषाणू चप्पल, डालगं, पोतं, अंड्याचे ट्रे आणि गाडीच्या चाकावरूनही येतो. कोंबडी तीस फुटांवर ठेवली आणि चप्पल तीच फिरली, तर वेगळं काय केलं?

👉 खुराड्याला आणि डालग्याला धुण्याच्या सोड्याचं पाणी मारा, १ लिटर पाण्याला ७ ग्रॅम. आधी शेण-विष्ठा खरवडून काढा. घाणीवर सोडा मारून फायदा नाही. धुतल्यावर कडक ऊन द्या.

*🐔 आजारी कोंबडीला घरी काय करता येतं*

सगळ्यात आधी पाणी. १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ, म्हणजे पोरांना जुलाबात देतो तेच. रोज ताजं करा. पिईना तर चोचीच्या कडेला थेंब थेंब लावा, ती स्वतः गिळेल. चोच उघडून ओतू नका. पाणी श्वासनळीत गेलं तर कोंबडी आजारानं नाही, आपल्या हातानं मरते.

खायला मऊ द्या: भिजवलेल्या ज्वारीच्या कण्या, शिजवलेला भात, चुरलेलं उकडलेलं अंडं. थंडीत आणि पावसाळ्यात खाली पोतं, भुसा टाकून ऊब द्या, आणि जागा कोरडी ठेवा.

"अंग लई गरम लागतंय, ताप आलाय" असा फोन बऱ्याचदा येतो. कोंबडीचं अंग मुळातच ४१ ते ४२ अंश असतं, आपल्या हाताला ते नेहमीच गरम लागणार. हातानं ताप ओळखू नका, आणि माणसाची तापाची गोळी तर मुळीच देऊ नका.

हळद, लसूण दाण्यात घालायला हरकत नाही. पण त्यावर विसंबून दोन दिवस वाया घालवू नका.

*🐔 रोज सकाळी पाच मिनिटं बघा*

खाली पोतं किंवा जुना पेपर टाका. सकाळी त्यावरनं बरंच कळतं.

▪️ *विष्ठा:* तपकिरी-हिरवट आणि वर पांढरी टोपी, ही निरोगी. दिवसातून एक-दोनदा चिकट, चॉकलेटी रंगाची पडते, तीही नेहमीचीच, घाबरू नका. रक्त दिसलं तर रक्ती हगवण. ती ओल्या, दमट जागेत वाढते आणि पिल्लांना लवकर मारते. औषध आहे, वेळेत दिलं तर गुण येतो. हिरवी पातळ हगवण आणि जोडीला मान वाकडी, पाय लुळा असेल तर राणीखेतचा संशय.

▪️ *श्वास:* उन्हात पंख अंगापासून दूर धरून, चोच उघडून धापणं हे उकाड्यामुळं असतं. पण पहाटे गारव्यातही चोच उघडी असेल, कानाजवळ धरल्यावर घुरघुर ऐकू येत असेल, तर तो आजार. डोळ्यात फेस, नाकात शेंबूड असेल तर सर्दीचा रोग. तोंड एका बाजूनं सुजून घाण वास येत असेल तर तो कोरायझा असू शकतो.

▪️ *तुरा आणि गलोल:* लाल, तुकतुकीत असावेत. फिके असतील तर जंत, गोचीड नाहीतर उवा बघा. काळपट-निळे पडले तर गंभीर. खवल्यांसारखे फोड आले तर देवी. त्या डासांमुळं पसरतात, म्हणून जवळ पाणी साठू देऊ नका, आणि खपल्या बोटांनी काढू नका.

▪️ *पंखाखाली आणि पाय:* पंख उचलून, शेपटीखाली बघा. कोंबडीची गोचीड दिवसा खुराड्याच्या भेगांत लपते आणि रात्री रक्त पिते. म्हणून रात्री बॅटरी लावून बघा, भेगा बुजवून चुना मारा. नवीन कोंबडीला चुलीची राख आणि कोरडी माती लोळायला द्या. पायाची खवलं उचलून खडबडीत झाली असतील तर बारीक किडा आहे. पाय धुऊन खोबरेल किंवा करडईचं तेल रोज चोळा. रॉकेल लावू नका, कातडी जळते.

▪️ *छाती:* छातीचं मधलं हाड हाताला सुरीसारखं लागलं तर कोंबडी बरेच दिवस आजारी आहे. विकणाऱ्यानं ती कालच आजारी पडली म्हणून सांगितलं असलं तरी!

हे सगळं वहीत किंवा मोबाईलवर टिपून ठेवा. विष्ठेचा, डोळ्यांचा फोटो काढा, घुरघुरीचा आवाज रेकॉर्ड करा. डॉक्टरांना त्यावरनं लवकर कळतं.

*🐔 औषध डॉक्टर सांगतील तेच*

मेडिकलमधनं "कोंबडीचं अँटिबायोटिक द्या" म्हणून आणलेली पुडी ही आपल्याकडची मोठी चूक आहे. राणीखेत आणि देवी हे विषाणूचे रोग, त्यांना अँटिबायोटिकनं काही होत नाही. रक्ती हगवणीचं औषध वेगळं, सर्दीचं वेगळं, जंताचं वेगळं. अर्धवट डोसानं कोंबडी बरी होत नाही, आणि पुढच्या वेळी तेच औषध लागू पडेनासं होतं. कोलिस्टिन नावाचं औषध तर केंद्र सरकारनं २०१९ सालीच कोंबड्या-जनावरांसाठी बंद केलंय. घरात जुनी पुडी असेल तर वापरू नका.

आणि औषध चालू असेपर्यंत, तसंच डॉक्टर सांगतील तितके दिवस पुढंही, *त्या कोंबडीची अंडी खायची नाहीत, विकायची नाहीत.*

फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा नंबर 📞 *१९६२*. नाहीतर जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. कोंबडी घेऊन जाण्याआधी फोन करा.

*🐔 इथं मात्र थांबू नका*

एक कोंबडी आजारी पडणं वेगळं, आणि एका-दोन दिवसांत पटापट कोंबड्या मरणं वेगळं. तुरा निळा, तोंड सुजलेलं, अंडी एकदम बंद आणि लागोपाठ मर, किंवा वस्तीजवळ कावळे-बगळे मरून पडलेले दिसले, तर बर्ड फ्लूची शंका घ्या.

हे दूरचं नाही. देशात बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला, फेब्रुवारी २००६ मध्ये. जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळच्या मुरुंब्यात सुमारे ८०० कोंबड्या मेल्या आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला. मार्च २०२५ मध्ये तर आपल्या सोलापूर शहरातच मेलेल्या कावळ्यांमध्ये तो आढळला.

अशा वेळी मेलेल्या कोंबडीला उघड्या हातानं शिवू नका, पिशवीत घालून दवाखान्यातही नेऊ नका. पोरांना लांब ठेवा आणि फोन करून डॉक्टरांना बोलवा. संसर्गजन्य रोगाची शंका आली की ग्रामपंचायतीला किंवा पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवणं हे २००९ च्या कायद्यानं मालकाचं कर्तव्यच आहे.

"कळवलं तर सगळ्याच मारतील" ही भीती मनात येते. ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. बर्ड फ्लू निघाला तर आसपासच्या कोंबड्या नष्ट करतात. पण सरकारी भरपाई नष्ट केलेल्या पक्ष्यांची मिळते, आधीच मेलेल्यांची नाही. उशीर केला तर कोंबडीही जाते आणि भरपाईही. आणि बहुतेक वेळा तपासणीत राणीखेत किंवा दुसरंच काही निघतं, मग उरलेल्या वाचवता येतात.

एखादी कोंबडी मेलीच तर उकिरड्यावर, नाल्यात, कुत्र्यापुढं टाकू नका. तीन फूट खड्डा, खाली-वर चुना, मग माती.

*🐔 लस: एक बाटली, दहा घरं*

राणीखेतवर औषध नाही, लस आहे. पिल्लाला ५ ते ७ व्या दिवशी लासोटा, डोळ्यात किंवा नाकपुडीत एक थेंब. चौथ्या-पाचव्या आठवड्यात पुन्हा लासोटा. सहा ते आठ आठवड्यांत देवीची लस. दोन महिने पूर्ण झाल्यावर आरटूबी, टोचून. त्याआधी आरटूबी देऊ नका, लहान पिल्लाला ती झेपत नाही. पुढची फेरी कधी ते डॉक्टरांना विचारा.

अडचण आपल्याला माहीत आहे. बाटली १०० डोसची, घरात कोंबड्या दहा. विरघळवलेली लस दोन तासांत संपवावी लागते, आणि बर्फात न ठेवता आणली तर ती पाण्यासारखीच. म्हणून वस्तीवरच्या आठ-दहा घरांनी एक दिवस ठरवा, एक बाटली बर्फाच्या डब्यात आणा आणि पहाटे, कोंबड्या सोडायच्या आधी, सगळ्यांच्या कोंबड्यांना टोचून घ्या. नावं आमच्याकडं द्या, डॉक्टरांची वेळ आपण कंपनीमार्फत घेऊ.

लस घेतल्यावर ताकद यायला आठ-दहा दिवस लागतात. आजारी कोंबडीला लस टोचू नका. नवीन कोंबडीला विलगीकरणातच, ती ठणठणीत असेल तर, डॉक्टरांना विचारून द्या.

*🐔 आधीच मिसळली असेल तर?*

अक्कांचं हेच झालं होतं. अशा वेळी आजारी कोंबडी लगेच बाहेर काढा, आणि बाकीच्या सगळ्यांनाही संशयित धरा. २१ दिवस खुराड्यात नवीन कोंबडी आणायची नाही, तिथली बाहेर द्यायची नाही, रवणाला अंडीही कुणाला द्यायची नाहीत. पाण्याची भांडी रोज घासा. रोज मोजा. एखादी शिंकली तरी तिला बाजूला काढा, पण नव्या कोंबडीच्या डालग्यात टाकू नका, तिसरी जागा करा.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो. घरात रोग शिरला की "मरायच्या आधी विकून मोकळं होऊ" असं वाटतं. दोन-तीन हजारांचा प्रश्न असतो, वाटणारच. पण ती कोंबडी बाजारातनं दुसऱ्या कुणाच्या तरी परसात जाते. अक्कांची कोंबडीही कुणीतरी अशीच "मोकळं होऊन" विकलेली असणार. आज आपण विकली, तर पुढच्या बाजारात तोच रोग विकत घेऊन आपणच घरी येऊ.

*🐔 बरी झाली, आता सोडू का?*

घाई नको. शेवटचं लक्षण गेल्यावर पुन्हा २१ दिवस मोजा. मग आपल्यातली एक साधी कोंबडी आठवडाभर नवीन कोंबडीजवळ ठेवा. ती चांगली राहिली तर बाकीच्यांचा धोका कमी. त्यानंतर चार दिवस जाळीच्या आडून एकमेकींना दिसतील असं ठेवा, आणि अंधार पडताना खुराड्यात सोडा. सकाळी थोडी टोचाटोची होईल, ती चालायचीच.

पण सर्दीचा रोग झालेली कोंबडी दिसायला बरी झाली तरी तो रोग आयुष्यभर अंगात बाळगू शकते, आणि अंड्यातनं पिल्लांनाही देऊ शकते. तिची अंडी रवणाला ठेवू नका. तिला कळपात न सोडणंच शहाणपणाचं.

अक्कांच्या कोंबडीला हाच आजार निघाला. डॉक्टरांच्या औषधानं आठवड्यात ती टुणटुणीत झाली. बाकीच्या चौदांपैकी दोन शिंकल्या, त्यांनाही वेळेत वेगळं करून औषध दिलं. एकही मेली नाही. त्या दोघींना अक्कांनी आता कायमचं वेगळं खुराडं केलंय, त्यांची अंडी रवणाला ठेवत नाहीत.

नवीन कोंबडीचं काय करायचं यावर अक्का दोन दिवस विचार करत होत्या. जीव लागला होता. शेवटी औषधाचे दिवस उलटल्यावर, डॉक्टरांना विचारून, पाव्हणे आले त्या दिवशी तिचा रस्सा झाला. "साहेब, वाईट वाटलं," म्हणाल्या, "पण बारा चांगल्या हैत न्हवं." हिशोब त्यांनी बरोबर केला होता.

*📌 थोडक्यात, खुराड्याजवळ लिहून लावा*

१. नवीन कोंबडी, किमान २१ दिवस वेगळी. दिसायला चांगली असली तरी.
२. आधी निरोगींचं काम, शेवटी आजारीचं. चप्पल, भांडी वेगळी.
३. पाणी, ऊब, मऊ खाणं. मनानं अँटिबायोटिक नको.
४. आजारी कोंबडी विकू नका, कुणाला देऊ नका.
५. पटापट मर झाली तर हात न लावता लगेच १९६२.
६. लस वस्तीनं मिळून.

लसीसाठी आपल्या कोंबड्यांची संख्या आणि वस्तीचं नाव याच नंबरवर पाठवा. आणि ज्यांच्याकडं साधा फोन आहे, त्यांना हा सल्ला तोंडी सांगा.

आपली शेतकरी उत्पादक कंपनी, मंद्रूप 🌾